आरएम -आरएफ आणि शेवटचा एक स्लॅश: सिमलिंक तुम्ही कशी हाताळता?

नदीकाठ | सोमवार, रात्री ११:५२

हात अजून थरथरतोय, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आम्ही चारपाच जण मिळून आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांमधली मोडी कागदपत्रं स्कॅन करतो. लोक दफ्तरं घराबाहेर देत नाहीत, म्हणून स्कॅनर उचलून आम्हीच जातो. सगळे स्कॅन माझ्या घरच्या उबुंटूवर (लिनक्स), ४ टीबीच्या वेगळ्या डिस्कवर 'दफ्तर' फोल्डरमध्ये. दर वेळी लांबलचक पत्ता टाइप करायचा कंटाळा, म्हणून भाच्यानं होम फोल्डरमध्ये 'स्कॅन' नावाची सिमलिंक, म्हणजे दफ्तरकडे नेणारी नुसती खूण, करून दिली होती.

आज डिस्कवरची मांडणी बदलायची होती, म्हणून आधी ती लिंक काढायला गेले. आरएम -आरएफ (न विचारता आतल्या सगळ्यासकट पुसणारी कमांड) लिहिलं, नावाचं पहिलं अक्षर टाकून बाकीचं आपोआप यावं म्हणून टॅब दाबला, काही झालं नाही असं वाटून परत दाबला. शेवटी स्लॅश येऊन बसला:

आरएम -आरएफ स्कॅन/

एंटर. एक लिंक काढायला एवढा वेळ का लागतोय, हे मनात येईपर्यंत पंधरावीस सेकंद गेले. कंट्रोल-सी दाबलं तेव्हा उशीर झाला होता. लिंक जागच्या जागी आहे आणि दफ्तर रिकामं.

होम फोल्डरचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आहे, गणपतीच्या आधीचा. म्हणजे गेले दोन महिन्यांचं काम गेलं असं धरून चालले आहे. काही करता येईल का? आणि लिंक काढायला सांगितलं तर यानं माल का काढला?

---

टर्मिनलतात्या | सोमवार, रात्री ११:५८

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सकाळी. आत्ता ती डिस्क अनमाउंट करा, म्हणजे सिस्टीमपासून सोडवा. तिच्यावर आता एक अक्षरही लिहायचं नाही, सुटकेचं सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर उतरवायचं नाही.

फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी?

---

नदीकाठ | मंगळवार, रात्री १२:०४

फिरती. अनमाउंट केली.

---

टर्मिनलतात्या | मंगळवार, रात्री १२:०९

मग आशा आहे. एसएसडी असती तर उबुंटू आठवड्यातून एकदा ट्रिम (पुसलेल्या जागा साफ करणं) चालवतं, त्यानंतर काही उरत नाही. रिकामी दुसरी डिस्क मिळवा आणि पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवा. टिफ, जेपेग त्याला ओळखता येतात. नावं मात्र परत येणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. झोपा आता.

---

नदीकाठ | मंगळवार, रात्री १२:११

नावातच गाव, घराणं, रुमाल (कागदांचा गठ्ठा) क्रमांक आणि पान होतं हो तात्या.

---

टर्मिनलतात्या | मंगळवार, सकाळी ७:२०

चहा झाला. आता 'का' ते.

(कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन. न वाचता कॉपी-पेस्ट करणाऱ्यांचा हात आपोआप आवरला जाईल.)

सिमलिंक म्हणजे बंद शटरवर चिकटवलेली पाटी: 'दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे.' पाटीत माल नसतो, पत्ता असतो. फाइलींची यादी दाखवणारं एलएस -एल करून बघा, लिंकपुढे जो आकार दिसतो तो त्या पत्त्याच्या मजकुराचे बाइट. 'दफ्तर' एवढाच पत्ता असता तर पंधरा बाइट, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि जोडाक्षरातला हलंतही मोजला जातो. पुढची परवानग्यांची सगळी आरडब्ल्यूएक्स अक्षरं लिनक्सवर शोभेची. खरी परवानगी दुकानाची बघितली जाते.

हार्ड लिंक वेगळी. ती पाटी नाही, त्याच घराचं दुसरं दार आहे. एक दार बुजवलं तरी घर उभं राहतं, शेवटचं दार बुजवलं की घर गेलं. तिचा इथे संबंध नाही, पण लोक गल्लत करतात म्हणून सांगितलं.

आता प्रत्येक कमांडला एकच प्रश्न विचारायचा: ही पाटीला हात लावते, की पाटी वाचून दुकानात शिरते? गोची अशी की उत्तर कमांडगणिक बदलतं.

'आरएम स्कॅन' पाटी काढतो. 'आरएम -आर' एखाद्या खऱ्या फोल्डरवर चालवलं आणि आत लिंका सापडल्या तरी तो पाट्याच काढतो, पलीकडच्या दुकानांत जात नाही. इथवर आरएम शहाणा आहे. पण नावापुढे स्लॅश दिलात की त्याचा अर्थ 'मला फोल्डरच हवा' असा होतो, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) पाटी वाचून आत नेतो. आतला माल गेला, पाटी राहिली. तुमचं नेमकं हेच झालं. 'स्कॅन/*' लिहिलं असतंत तरी तेच. तिथे तर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधीच आत जाऊन नावं गोळा करतो आणि आरएमच्या हातात देतो. लिंक मध्ये होती हे आरएमला कळतही नाही.

आणि तो टॅब. बॅश (आपला नेहमीचा शेल) फोल्डरकडे जाणाऱ्या लिंकचं नाव पहिल्या टॅबला पुरं करून थांबतो, स्लॅश लावत नाही. दुसऱ्या टॅबला लावतो. घाईत टॅब दोनदा दाबायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते.

लिंक काढायला मी आरएम वापरतच नाही.

अनलिंक स्कॅन

ही कमांड एकच नाव घेते, फोल्डर काढूच शकत नाही आणि चुकून स्लॅश राहिला तर तक्रार करून थांबते. तिला -आर नाही, -एफ नाही. हातात ब्लेडच नसलेला न्हावी.

---

पिंपळपार | मंगळवार, सकाळी ९:०३

मुळात सिमलिंक हवीच कशाला? माउंट --बाइंड करा. फोल्डर दुसऱ्या जागी खराखुरा दिसतो, पाटीबिटीची भानगड नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:१५

@पिंपळपार, बाइंड माउंटवर आरएम -आरएफ चालवलंत तर स्लॅश असो-नसो, माल जातोच. लिंकच्या बाबतीत निदान स्लॅश नसताना वाचता.

---

पिंपळपार | मंगळवार, सकाळी ९:२१

मान्य. पण बाइंड माउंट कोणी आरएमनं काढायला जात नाही, युमाउंट करतो. चुकीची सवय लिंकमुळे लागते, कारण ती फाइलसारखी दिसते. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, अर्धंच घेतो.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:४०

माझी जखम पण दाखवतो. एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. प्रत्येक नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात यायची, आणि 'चालू' नावाची सिमलिंक आवृत्ती-४१ कडे बोट दाखवायची. रात्री अडीचला नवीन आवृत्ती चढवली, लिंक करणाऱ्या एलएननं:

एलएन -एसएफ आवृत्ती-४२ चालू

-एफ दिलाय, म्हणजे जुनी लिंक पुसून नवी होईल असं मी समजलो. एरर नाही, काही नाही. साइट जुनीच. चार वेळा तीच कमांड मारली, साठवलेल्या जुन्या पानांच्या कॅशला शिव्या घातल्या.

झालं असं होतं की एलएननं 'चालू' ही पाटी वाचली, ती फोल्डरकडे जाते हे बघितलं आणि 'अच्छा, या फोल्डरच्या आत लिंक हवी' असं ठरवलं. म्हणजे आवृत्ती-४१ च्या पोटात 'आवृत्ती-४२' नावाची लिंक, आणि तिच्यात पत्ता काय? 'आवृत्ती-४२'. स्वतःचाच! ती लिंक उघडायला जाणारा 'टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स' म्हणत परत यायचा. लिनक्स एका पत्त्यात ४० लिंकांपर्यंत मागे जातं आणि मग हात टेकतं.

उपाय एका अक्षराचा: एलएन -एसएफएन. तो -एन सांगतो की 'चालू'ला पाटीच समज, आत जाऊ नकोस. मॅकवर पण -एन चालतं.

सर्व्हरवर मी आता तेही करत नाही. जुनी लिंक काढून नवी करण्यात क्षणभर 'चालू' नावाचं काहीच नसू शकतं, आणि गर्दीच्या साइटवर तेवढ्यात कुणीतरी येऊन आपटतो. म्हणून आधी 'चालू-नवी' अशी लिंक करायची आणि मग एमव्ही -टी चालू-नवी चालू. टी मोठा. नाव बदलणं कर्नल एका दमात करतो, मधली अवस्थाच नाही.

---

वडाची साल | मंगळवार, सकाळी १०:३०

मला इतकी वर्षं एलएनचा क्रमच लक्षात राहत नाही. आधी लिंकचं नाव की आधी खरी फाइल?

---

टर्मिनलतात्या | मंगळवार, सकाळी १०:४४

कॉपी करणाऱ्या सीपीसारखाच. जे आहे ते आधी, जे होणार ते नंतर. विंडोजच्या एमकेलिंकचा क्रम मात्र नेमका उलटा आहे, दोन्हीकडे काम करणाऱ्याचं डोकं फिरणारच.

क्रम चुकला तर बहुतेक वेळा 'फाइल आधीच आहे' म्हणून एलएन अडतो, फार बिघडत नाही. क्रम चुकलेला आणि सोबत -एफ, हे झालं तर मात्र खरी फाइल जाते आणि तिच्या जागी कुठेच न जाणारी पाटी येते. म्हणून नवीन लिंक करताना -एफ कधीच नाही.

दुसरी खाच सापेक्ष पत्त्याची. होममध्ये उभे राहून तुम्ही लिहिता: एलएन -एस दफ्तर/पाने डेस्कटॉप/पाने. तुम्हाला वाटतं होममधलं दफ्तर. पण पाटी लागली डेस्कटॉपवर, आणि पाटीवरचा 'इथून' म्हणजे पाटी जिथे आहे तिथून. ती डेस्कटॉपच्या आत दफ्तर शोधणार. तुम्ही कुठे उभे होतात याची नोंद कुठेच नसते, आणि पत्ता खरा आहे का हे एलएन तपासत नाही. त्याला -एसआर दिलं तर तो पत्त्याचं गणित स्वतः करतो.

मग पूर्ण पत्ताच का देऊ नये? द्या, डिस्क कायम एकाच जागी माउंट होणार असेल तर. अख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे न्यायचा असेल तर आतल्या लिंका सापेक्षच हव्यात. लेट्स एनक्रिप्टचं वेबसाइटसाठीचं प्रमाणपत्र सर्टबॉट या प्रोग्रामनं घेतलेल्यांनी 'लाइव्ह' फोल्डर बघा: तिथल्या फाइली शेजारच्या 'आर्काइव्ह'कडे जाणाऱ्या सापेक्ष लिंका असतात. नवीन सर्व्हरवर फक्त 'लाइव्ह' कॉपी करून नेणारे महाभाग मी तीन पाहिलेत. त्यातला एक आरशात.

---

आडवाट | मंगळवार, दुपारी १:१०

इतक्या चर्चेत कुणी दोन टिंबांबद्दल (म्हणजे 'वरचा फोल्डर') बोललं नाही! मला सगळ्यात जास्त त्यानं छळलंय.

नदीकाठताईंचंच उदाहरण घेऊ. सीडी स्कॅन केलं, आत गेलात. आता 'सीडी ..' केलंत तर परत होममध्ये. बरोबर? पण तिथेच 'एलएस ..' करून बघा. होम दिसणार नाही, डिस्कवरचा दफ्तरच्या वरचा फोल्डर दिसेल.

कारण सीडी शेलच्या पोटातलं. तुम्ही कुठल्या दारानं आलात हे शेल लक्षात ठेवतो आणि त्याच दारानं परत नेतो. एलएस, एमव्ही, आरएम हे बाहेरचे प्रोग्राम, त्यांना तुमचं दार माहीत नाही. त्यांच्यासाठी दोन टिंबं म्हणजे खऱ्या फोल्डरचा खरा बाप. सीडीवर विसंबून 'आरएम ../*.टीएमपी' मारलंत की भलत्याच घरात झाडू फिरतो.

शंका आली की पीडब्ल्यूडी -पी, पी मोठा. खरा पत्ता सांगतो. किंवा शिरतानाच सीडी -पी.

---

वडाची साल | मंगळवार, दुपारी १:२५

हे आत्ता करून बघितलं. मला माझ्याच घरात परका झाल्यासारखं वाटतंय.

---

पिंपळपार | मंगळवार, दुपारी ३:०५

स्टीमची गोष्ट नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून. जानेवारी २०१५. वाल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेमच्या दुकानाची लिनक्स आवृत्ती. एकानं स्टीमचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला आणि जुन्या जागी सिमलिंक ठेवली, म्हणजे आपण सगळे करतो तेच. पुढे स्टीम सुरू करताना त्याच्या शेल स्क्रिप्टला स्वतःचा फोल्डर सापडला नाही, त्याचा पत्ता ठेवायचा व्हेरिएबल रिकामा राहिला. आणि स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: आरएम -आरएफ, मग तो व्हेरिएबल, मग स्लॅश, मग तारा. व्हेरिएबल रिकामा म्हटल्यावर उरलं काय? मुळापासून सगळं. त्याच्या हातात लिहिता येईल ते सगळं गेलं, बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअपसुद्धा. कळस म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानंच शेरा मारून ठेवला होता: 'स्केअरी!'

स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसातच कोलन-प्रश्नचिन्ह लावलं की तो रिकामा असताना शेल तिथेच थांबतो. दोन चिन्हांचा विमा.

---

काजूबोंड | मंगळवार, सायंकाळी ५:५०

मी साधा माणूस, माउसनं लिंकवर राइट क्लिक करून कचरापेटीत टाकतो. लिंकच जाते. तुमचं चालू द्या.

---

टर्मिनलतात्या | मंगळवार, सायंकाळी ६:३५

@काजूबोंड, तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा सुखी आहात.

@नदीकाठ, एक गोष्ट सकाळपासून मनात खुपतेय. तुम्ही म्हणालात बॅकअप होम फोल्डरचा आहे. कशानं घेतलात? बॅकअपच्या डिस्कवर जाऊन 'एलएस -एलडी स्कॅन' करा आणि ओळीतलं पहिलं अक्षर सांगा. डी की एल?

---

नदीकाठ | मंगळवार, सायंकाळी ६:५२

आरसिंक -ए नं (फोल्डरच्या प्रती काढणारा प्रोग्राम) घेतला होता.

एल.

---

रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ६:५५

अरे देवा.

---

टर्मिनलतात्या | मंगळवार, सायंकाळी ७:१०

ताई, म्हणजे बॅकअपमध्ये फक्त पाटी आहे. आरसिंक -ए लिंकची लिंकच नेतो. सीपी -ए पण तसंच, टार पण तसंच. आणि त्यांचं बरोबरच आहे. लिंकमागे जाऊन माल उचलायला लागले तर एखादी लिंक मुळाकडे जाणारी निघाली की अख्खी मशीन बॅकअपमध्ये येईल. माल हवा असेल तर आरसिंकला आणि सीपीला मोठा एल द्यायचा. पण त्याहून सरळ म्हणजे दफ्तर फोल्डरच बॅकअपच्या यादीत नावानिशी टाकायचा.

बॅकअपची डिस्क दुकानातून आली तशीच एक्सफॅट (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) असती, तर हे त्याच दिवशी कळलं असतं. एक्सफॅटवर सिमलिंक बसतच नाही, आरसिंकनं कटकट केली असती. तुमची बहुतेक भाच्यानं एक्स्ट-४ करून दिलेली.

आता सगळी भिस्त फोटोरेकवर. कितीपर्यंत आलं?

---

नदीकाठ | मंगळवार, सायंकाळी ७:२०

३८ टक्के. टिफ दिसतायत. मी त्या टक्क्यांकडे बघत बसले आहे, भात करपला.

---

आडवाट | मंगळवार, रात्री ८:३०

तोवर वेळ घालवायला अजून एक छुपी खोड: 'सेड -आय', फाइलमधला मजकूर जागीच बदलणारी कमांड. कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली एका गिट (बदलांची नोंद ठेवणाऱ्या) फोल्डरमध्ये ठेवून होममधून तिकडे लिंका करणारे बरेच असतील. अशा लिंकवर सेड -आय चालवलंत की तो लिंक काढून तिथे साधी फाइल ठेवतो. बदल दिसतो, सगळं चालतं, पण गिटमधली मूळ फाइल जुनीच. महिन्यानंतर दुसऱ्या लॅपटॉपवर कळतं. त्याला --फॉलो-सिमलिंक्स द्यावं लागतं.

मालक बदलणाऱ्या चोनचं उलट! 'चोन अमुक लिंक' केलं तर मालकी पाटीची नाही, दुकानाची बदलते. पाटीची बदलायला -एच.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:०२

आणि /टीएमपीमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात, ठरलेल्या नावानं फाइल लिहिणाऱ्या स्क्रिप्ट. रूट (सर्वाधिकारी) म्हणून चालणारी स्क्रिप्ट /टीएमपी/अहवाल मध्ये लिहिते हे दुसऱ्या कुणाला कळलं, तर तो त्या नावाची सिमलिंक आधीच करून ठेवतो, पासवर्डच्या फाइलकडे बोट दाखवणारी. रूट बिचारा पाटी वाचतो आणि तिकडे लिहून मोकळा. २०१२ च्या लिनक्स ३.६ पासून कर्नलमध्ये यावर आडकाठी आहे: /टीएमपीसारख्या सामाईक फोल्डरात परक्याची लिंक पाळायची नाही. पण ती चालू आहे या भरवशावर स्क्रिप्ट लिहायची नसते. एमकेटेंप वापरा, नाव ते ठरवेल.

'आधी बघू लिंक आहे का, नसेल तर पुसू' हेही पुरेसं नाही. बघणं आणि पुसणं यांच्या मध्ये कुणी पाटी लावली तर? रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत फोल्डर पुसणाऱ्या फंक्शनमध्ये हीच फट निघाली होती, जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ आवृत्ती काढून बुजवली. एवढ्या काटेकोर मंडळींचं हे, तर आपल्या दहा ओळींच्या स्क्रिप्टचं काय!

---

वडाची साल | बुधवार, सकाळी ८:१२

ताई, काय झालं?

---

नदीकाठ | बुधवार, दुपारी १२:४०

रात्री दोनला संपलं. आत्ता मोजून उठले. वहीतल्या नोंदीप्रमाणे ६,२१४ पानं असायला हवीत, ५,९०० च्या थोडी वर परत आली. काही अर्धवट उघडतात, खालचा भाग राखाडी. नावं अर्थात एफ आणि पुढे लांब आकडा.

पण एक चांगलं आहे. तो आकडा म्हणजे फाइल डिस्कवर जिथे सुरू होते ती जागा. आकड्यानं लावल्यावर एकेका घराची पानं बहुतेक सलग येतायत, कारण आम्ही ती सलगच उतरवत गेलो होतो. शिवाय प्रत्येक घरी कुणी किती पानं कधी स्कॅन केली याची हातानं लिहिलेली वही आहे, तीन वर्षं ज्या वहीला आमची तरुण मंडळी हसत होती ती. टिफच्या आत स्कॅनरनं घातलेली तारीख-वेळही आहे, एक्झिफटूलनं तिच्यावरून नावं देता येतील असं भाचा म्हणतोय. दिवाळीपर्यंतचं काम आहे.

गेलेल्या तीनशे पानांसाठी दोन घरी परत जावं लागेल. एका आजींना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

---

टर्मिनलतात्या | बुधवार, दुपारी १२:५८

वहीवाल्याला माझा नमस्कार सांगा.

परत लिंक केलीत तरी आधी एकदा हे चालवा, होममध्ये उभ्या राहून: फाइंड . -एक्सटाइप एल. ज्यांचं दुकानच उरलेलं नाही अशा पाट्या दाखवेल. नुसतं बघायचं. याच ओळीला -डिलीट जोडायचा मोह होईल, तो पहिल्या दिवशी नको. डिस्क माउंट नसेल तेव्हा तिच्याकडे जाणारी चांगली लिंकही तुटकीच दिसते.

---

नदीकाठ | बुधवार, रात्री ९:२५

अकरा निघाल्या. 'स्कॅन' त्यात होती, कारण डिस्क अजून काढूनच ठेवली आहे. तुम्ही सांगितलं नसतं तर तीही गेली असती. एक लिंक अशा डिस्ककडे जात होती जी मी पाच वर्षांपूर्वी भंगारात दिली. प्रत्येकीवर रीडलिंक चालवून पत्ता वाचला, उरलेल्या दहा अनलिंकनं काढल्या. एकेक करून, टॅब न दाबता.